वाटाड्यावांचून वाट

गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडील सुशिक्षित तरुणांत एक नवी आवड रुजली आहे, आणि ती उपेक्षिण्याजोगी नाहीं. चार-पांच जणांनीं मिळून, क्वचित् एकट्यानेंच, पाठीवर शिधा व अंथरूण घ्यावें, मोबाइलवर नकाशा उतरवून घ्यावा, आणि वाटाड्या बरोबर न घेतां सह्याद्रीच्या रांगेनें सात दिवस चालत राहावें, असा हा क्रम आहे. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांचा पश्चिम भाग अशा प्रवासास फार सोयीचा. क्षेत्र महाबळेश्वराहून तापोळ्यास उतरावें, लाँचनें बामणोलीस यावें, कासच्या पठारावरून सज्जनगडाकडे वळावें, ठोसेघर-चाळकेवाडीचें पवनचक्क्यांचें पठार ओलांडून पाटणास पोंचावें, दातेगड पाहून ढेबेवाडीच्या खोऱ्यांतून गुढे-पाचगणीच्या पठारावर चढावें, आणि सातव्या दिवशीं शिराळा तालुक्यांत वारणेच्या खोऱ्यांत उतरावें. अशा प्रवासाहून परतलेली मंडळी एक गोष्ट आवर्जून सांगतात, ती ही कीं, "आम्हीं कोणालाहि बरोबर घेतलें नव्हतें." ही गोष्ट खरोखर अभिमानाची आहे काय, आणि असल्यास कितपत, ह्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ह्या अभिमानाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. कारण ती पोकळ नाहीं. वाटाड्यामागून चालणाऱ्याची दृष्टि वाटाड्याच्या पाठीवर असते, डोंगरावर नसते. खिंड डाव्या सोंडेपलीकडे आहे कीं उजव्या, हा प्रश्नच त्याला पडत नाहीं. आणि जो प्रश्न पडला नाहीं त्याचें उत्तर कोणी दिलें तरी तें अंगीं लागत नाहीं. जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्यानें १७८४ सालीं प्रबोधनावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांत दुसऱ्याच्या मार्गदर्शनावांचून स्वतःची बुद्धि चालवितां न येणें हीच मनुष्याची अप्रौढावस्था होय, असें त्यानें प्रतिपादिलें आहे. लोकांचे स्वयंनियुक्त पालक त्यांना पांगुळगाड्यांतून बाहेर पाऊल टाकूं देत नाहींत. वस्तुतः चार वेळां पडल्यावर कोणालाहि चालतां येतें, असाहि दृष्टांत त्यानें दिला आहे. डोंगरांत स्वतःच्या अकलेनें वाट काढणारा तरुण हा पांगुळगाडा टाकीत असतो, ह्यांत शंका नाहीं. ज्या समाजांत बहुतेक गोष्टी कोणी तरी सांगितल्या म्हणून केल्या जातात, त्यांत सात दिवस स्वतः निर्णय घेणें व त्यांचीं फळें भोगणें हें लहानसहान शिक्षण नव्हे.

परंतु वाटाड्या बरोबर नसणें आणि वाटाड्या मुळींच नसणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. डोंगरांतली पाऊलवाट निसर्गानें केलेली नसते. पाणी कोठें आहे, कडा कोठें उतरतां येतो, पावसाळ्यांत कोणता ओढा अडवितो, हें ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें त्यांच्या पायांनीं ती पडलेली असते. कोंकणांतून घाटमाथ्यावर मीठ आणणारे बैलांचे तांडे, गुरांमागून फिरणारे धनगर व गवळी, डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बाया, ह्या सर्वांनीं मिळून ती वाट लिहिली आहे. खिशांतला नकाशा तरी कोठून आला? साखळ्या व दुर्बिणी घेऊन शिखरें चढलेले मोजणीदार, त्यांचें ओझें वाहणारे खलाशी, आणि त्यांना डोंगरांचीं नांवें सांगणारे गांवकरी ह्यांच्या श्रमांवर तो उभा आहे. उपग्रहाची भर त्यांत मागाहून पडली. तात्पर्य, वाटाड्या न घेणारा प्रवासी हजारों वाटाड्यांच्या मागून चालत असतो. फरक इतकाच कीं ते त्याला दिसत नाहींत. आणि जो दिसत नाहीं त्याचें देणें विसरणें सोपें जातें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, असें पाहूं गेल्यास कोणतेंच स्वावलंबन उरणार नाहीं. भाषा, अन्न, वस्त्र, सर्वच दुसऱ्यांनीं दिलेलें आहे. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून स्वावलंबनाची कसोटी दुसऱ्यांचें किती घेतलें ही नसून, आपल्या चुकीचा भार कोणावर पडतो ही होय, असें आम्हांस वाटतें. कांटच्या दृष्टांतांत पडणाऱ्याला स्वतःलाच लागतें. सह्याद्रींत तसें घडतेंच असें नाहीं. प्रवासाचा हंगाम आणि भातकापणीचा हंगाम पुष्कळदां एकच येतो. अंधार पडतां पडतां वाट चुकलेल्या मंडळींचा निरोप खालच्या वाडीला पोंचतो, आणि दिवसभर शेतांत वांकलेले चार गडी दोर व बॅटऱ्या घेऊन कड्याकडे निघतात. ते मोबदला मागत नाहींत, आणि मिळालेल्या धड्याचा उपयोग मात्र दुसऱ्यालाच होतो. ज्या धाडसाची किंमत न विचारतां दुसऱ्याच्या नांवावर मांडली जाते, तें धाडस असेल, स्वावलंबन नव्हे. जेवढी चूक आपली आपण निस्तरूं शकूं तेवढ्याच मर्यादेपर्यंत वाटाड्यावांचून जाण्याचा आपला हक्क पोंचतो.

मजुरीचाहि प्रश्न येथेंच उद्भवतो. वाटाड्यास द्यावयाची दिवसाची मजुरी प्रवाशाच्या पाठीवरील सामानाच्या किंमतीच्या मानानें क्षुल्लक असते. आणि डोंगरावरून हौशी मंडळींची जी रीघ लागते, तिच्यांतून डोंगरांतल्या माणसाच्या हातीं जाणारा तो थोडक्यांपैकीं एक वांटा असतो. तो वांचवून त्यास स्वातंत्र्य हें नांव देणें म्हणजे काटकसरीला तत्त्वज्ञानाचा पोषाख चढविणें होय. तथापि ह्याच्या उलट, केवळ उपकारबुद्धीनें वाटाड्या घ्यावा, त्याच्या मागून डोळे मिटून चालावें, आणि चार पैसे देऊन ऋणमुक्त झालों असें मानावें, हेंहि आम्हांस पटत नाहीं. त्यांत वाटाड्याच्या ज्ञानाचा मान नाहीं आणि प्रवाशाच्या बुद्धीचाहि नाहीं.

मग ह्या दोहोंमधून मार्ग कोणता? छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत उद्दालक आरुणि आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, एक दृष्टांत सांगतो. एका मनुष्यास डोळे बांधून गांधार देशाहून आणिलें व निर्जन ठिकाणीं सोडून दिलें. तो चहूंकडे तोंड करून ओरडूं लागला. तेव्हां कोणीं त्याची पट्टी सोडली आणि गांधार अमुक दिशेला आहे, तिकडे जा, एवढें सांगितलें. पुढें तो बुद्धिमान् मनुष्य गांवोगांव पुसत पुसत आपल्या देशीं पोंचला. उपनिषदाचा हेतु आचार्याचें महत्त्व सांगण्याचा आहे. पण दृष्टांतांतील दोन बारीक गोष्टींकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पट्टी सोडणारा बरोबर गेला नाहीं. आणि चालणारा न पुसतां गेला नाहीं. नेलें जाणें आणि एकट्यानें जाणें ह्यांहून निराळी अशी ही तिसरी रीत आहे: पुसत जाणें.

पुसत जाणाऱ्याला बुद्धि गहाण टाकतां येत नाहीं. "हें काय, हांकेच्या अंतरावर," ह्या उत्तराचा अर्थ कधीं पाव तास, तर कधीं दीड तास असतो. गुराखी पोर स्वतःला चढतां येईल ती वाट दाखवितें. म्हातारा कधीं वीस वर्षांपूर्वीं दरड कोसळून बंद झालेली वाट सांगतो. दोघेहि खरेंच सांगतात, आणि दोघांचें तारतम्य पुसणाऱ्यालाच करावें लागतें. उलटपक्षीं, नकाशांत ढोरवाट आणि माणसांची वाट दोन्ही सारख्याच रेघेनें उमटूं शकतात. ढोरवाट चाऱ्यापाशीं विरते आणि माणसांची वाट गांवाला जाते, हा भेद पुसल्याशिवाय कळत नाहीं. शिवाय जो पुसतो त्यालाहि पुसलें जातें. ह्या मुलखांत अनोळख्याला बहुधा "कुठं चाललाय?" असें विचारीत नाहींत, "कुणाकडं निघालाय, पाव्हणं?" असें विचारतात. आम्हांला हा प्रश्न ह्या वाटांवर अनेकदां पडला आहे, आणि त्याचें सरळ उत्तर हौशी प्रवाशाजवळ नसतें. कारण तो कोणाकडेच निघालेला नसतो. डोंगर हें माणसांचें घर आहे, आणि आपण त्यांतून केवळ पार होत आहों, ह्याची जाणीव त्या एका प्रश्नानें जितकी होते तितकी दहा पुस्तकांनीं होणार नाहीं.

ज्यांच्या स्वातंत्र्यवृत्तीविषयीं कोणी शंका घेणार नाहीं, अशा चालणाऱ्यांचें उदाहरणहि ह्याच भूमींत आहे. १९४३ ते १९४६ ह्या काळांत सातारच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते भूमिगत राहून गांवोगांव पायीं हिंडले. त्या वेळीं सांगली हा निराळा जिल्हा नव्हता. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांचे सहकारी कोणाच्याहि हुकमाचे बांधलेले नव्हते. पण शेतकऱ्याच्या घरची भाकरी आणि त्यानें सांगितलेली आडवाट ह्यांवर त्यांचा प्रत्येक दिवस अवलंबून होता. त्यांचें स्वातंत्र्य ह्या अवलंबनानें उणें झालें नाहीं. तें त्याच्याच आधारें उभें राहिलें.

आतां ह्या विषयाच्या सर्वांत अवघड भागाकडे वळूं. गांधाराचा पांथस्थ गांवोगांव पुसत गेला, ह्याचा अर्थ वाटेवर गांवें होतीं. तापोळ्याहून बामणोलीला लाँचनें जाणारा प्रवासी ज्या विस्तीर्ण जलाशयाचें वर्णन करितो, तो शिवाजीसागर १९६० नंतरच्या दशकांत कोयनेचें धरण झाल्यावर भरला; त्याच्या तळाशीं गांवें आहेत. वारणेच्या खोऱ्यांतहि धरणामागें वसंतसागर पसरला. १९८५ सालीं कोयना व चांदोली हीं अभयारण्यें झालीं. चांदोलीस २००४ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० सालीं दोन्ही मिळून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत समाविष्ट झालीं. आंतलीं कित्येक गांवें उठविण्यांत आलीं. त्यांपैकीं अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकेंच्या दशकें रेंगाळला. रानांत मध्येंच आंबे-फणस ओळीनें दिसूं लागले, दगडी जोतें पायाला लागलें, म्हणजे तेथें वस्ती होती असें समजावें. प्रवासी ज्यास एकांत म्हणून वाखाणतो, तो पुष्कळ ठिकाणीं घडविलेला एकांत आहे. तेथें पुसावयास कोणी नाहीं, ह्याचें कारण तेथें कधींच कोणी नव्हतें हें नव्हे. प्रवाशाच्या खिशांतील वाटाड्या ज्या विजेवर चालतो, तिचाहि कांहीं अंश ह्याच पाण्यानें निर्माण केलेला असणें शक्य आहे. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे.

अभयारण्य करणें चुकीचें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या रानांत गवा, अस्वल आणि शेकरू निर्धास्त राहतात, त्यास अत्यंत मोल आहे. २०१२ सालीं कास, कोयना व चांदोली ह्यांची पश्चिम घाटाच्या जागतिक वारशांत गणना झाली ती योग्यच. आमचा मुद्दा एवढाच कीं, ह्या मोलाची किंमत कोणीं तरी भरली आहे, आणि ती आपण भरलेली नाहीं. वासोट्यास जाण्यासाठीं बामणोलीस वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, व मुक्काम न करितां परतावें लागतें. कांहीं साहसप्रिय मंडळींस हा नियम स्वातंत्र्यावर घाला वाटतो, आणि ते चोरवाटेनें आंत शिरून त्याचें कौतुक सांगतात. परंतु ज्याच्या वाडवडिलांचें जोतें आंत आहे त्यालाहि मनास येईल तेव्हां तेथें जाऊन राहतां येत नाहीं. त्यानें घर सोडून पाळलेली मर्यादा, ज्याची तेथें मूठभर मातीहि नाहीं अशा पाहुण्यानें हौसेखातर मोडावी, ह्यांत शौर्य कोणतें?

सारांश, वाटाड्यावांचून चालावें, असेंच आम्ही तरुणांस सांगूं. पण जेथें पुसावयास गांव आहे तेथें पुसत चालावें, जेथें चूक दुसऱ्यास भोंवेल तेथें जाणत्यास बरोबर घेऊन त्याची मजुरी मान राखून द्यावी, आणि जेथें रानाचें राखण आहे तेथें त्याची मर्यादा पाळावी. सात दिवसांचा वृत्तांत लिहावयास बसणाऱ्यानें किती कोस चाललों ह्याबरोबर कोणाकोणाला वाट पुसली हेंहि लिहावें. आणि ज्या ठिकाणीं पुसावयास कोणी भेटलें नाहीं, तेथें पूर्वीं कोणतें गांव होतें ह्याची चौकशी करून त्याचें नांव नोंदवावें.