रिपोर्ट नॉर्मल, गाठ तशीच

बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडच्या एखाद्या बाईच्या हाताला गळ्याशी गाठ लागली, की मोताळा नाहीतर बुलढाणा गाठायचे, रक्त द्यायचे आणि कागदाची वाट पाहायची. टीएसएच, टी-थ्री, टी-फोर, तिन्ही आकडे ठीक. ‘थायरॉईड नाही’ म्हणत घरचे निर्धास्त होतात. गाठ मात्र असते तिथेच.

थायरॉईड तर प्रत्येकाच्या गळ्यात असते. आपण ग्रंथीचे नाव आजारालाच देऊन टाकले. घोटाळ्याची सुरुवात इथेच होते. टीएसएचची तपासणी ग्रंथी किती काम करते ते सांगते, तिच्या अंगात काय वाढले आहे ते सांगत नाही. मोटर पाणी भरपूर देते, म्हणून विहिरीच्या बांधकामाला तडा नाही असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. थायरॉईडच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांचे हे आकडे नॉर्मलच असतात. उलट टीएसएच खाली गेलेला असेल, तर गाठ स्वतःच हार्मोन बनवत असण्याची शक्यता असते, आणि अशा गाठीत कर्करोग क्वचितच सापडतो. म्हणजे तपासणी वाया जात नाही. पुढची वाट ठरवायला ती लागतेच. निदान मात्र सोनोग्राफीने, आणि गाठीचा आकार व रूप संशयास्पद असेल तर सुईने पेशी काढून होते.

मग रक्तातल्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाचे काय? साध्या गलगंडातही ते वाढते. ग्रंथी पूर्ण काढल्यानंतर कर्करोग परतला का, हे पाहायला ते कामाचे, आधी नाही. कॅल्सिटोनिन या हार्मोनची तपासणी मात्र थायरॉईड कर्करोगाच्या मेड्युलरी या दुर्मीळ प्रकाराचा माग खरोखर काढते. तो प्रकार काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तिथे ही तपासणी मोलाची.

आकडाही कधी फसवतो. केस गळू लागले की लोक बायोटिनच्या गोळ्या घेतात आणि थायरॉईडही तपासतात. हेच बायोटिन काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी, टी-फोर खोटा जास्त दाखवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 साली तसा इशारा दिला होता. शेगाव तालुक्यातल्या केसगळतीची चर्चा 2025च्या आरंभी देशभर झाली. तेव्हापासून बुलढाणा जिल्ह्यात केस गळण्याची धास्ती कोणाला नवी नाही. रक्त देण्यापूर्वी चालू गोळ्या सांगाव्यात, हे इथे तरी कोणी आवर्जून बजावायला हवे.

तर सरसकट सगळ्यांच्या गळ्याची सोनोग्राफी करावी का? दक्षिण कोरियाने जवळपास तेच केले. 2011मध्ये तिथे थायरॉईड कर्करोगाची नोंद 1993च्या पंधरापट झाली, मृत्यूंचे प्रमाण मात्र जिथल्या तिथे राहिले. कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठींसाठी हजारोंच्या ग्रंथी कापल्या गेल्या आणि पुष्कळांच्या माथी जन्मभराची गोळी आली. हेल्थ पॅकेजच्या जाहिराती ही गोष्ट सांगत नाहीत.

पण जिला गाठ हाताला लागते आहे, आवाज बसला आहे, गिळताना अडते आहे, तिची गोष्ट वेगळी. तिने नॉर्मल रिपोर्टवर थांबू नये, सोनोग्राफी मागावी. संशय आलाच तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे; मलकापूरहून रेल्वेने मुंबईचे टाटा रुग्णालयही गाठता येते. जाताना रक्ताचा कागद सोबत ठेवावा. डॉक्टर तो पाहतातच. फक्त गाठीचा निकाल त्यावरून लावत नाहीत.