निष्ठा कोणाशी? अमेरिकी पक्ष, तत्त्वे आणि उमेदवारीचा दरवाजा

अमेरिकेच्या संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. 1787 साली फिलाडेल्फियात जमलेल्या संविधानकर्त्यांनी कायदेमंडळ, अध्यक्ष आणि न्यायालये यांच्यातील अधिकारांची वाटणी बारकाईने आखली. परंतु निवडून आलेली माणसे कायमचे गट करून मते देतील, या शक्यतेसाठी त्यांनी कोणतीही तरतूद केली नाही. जेम्स मॅडिसन यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात गटबाजी हा मनुष्यस्वभावातूनच उपजणारा, मुळापासून उपटता न येणारा आणि फार तर विशाल प्रजासत्ताकात सौम्य होणारा दोष मानला, तर 1796 च्या निरोपाच्या संदेशात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पक्षवृत्तीच्या घातक परिणामांबद्दल इशारा दिला. थॉमस जेफरसन यांनी 1789 मध्ये एका पत्रात, पक्षाच्या सोबतीनेच स्वर्गात जाता येणार असेल तर आपण तिथे जाणारच नाही, अशा आशयाचे लिहून ठेवले, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत याच जेफरसन व मॅडिसन यांनी अमेरिकेतला पहिला संघटित विरोधी पक्ष उभारून 1800 च्या निवडणुकीत सत्ता मिळवली. यात दांभिकता शोधणे सोपे आहे. मात्र पक्षाविषयी अमेरिकी राजकारणी जे बोलतात आणि पक्षाशिवाय त्यांना जे साधत नाही, यांतले अंतर तेव्हापासून आजतागायत कायम आहे, आणि ते समजून घ्यायचे तर वक्त्याच्या चारित्र्याआधी एक कोरडा प्रश्न विचारावा लागतो: तो बोलत होता, तेव्हा त्याची पुढची उमेदवारी कोणाच्या हातात होती?

हा प्रश्न भारतीय वाचकाला थोडा परका वाटण्याचा संभव आहे, कारण आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात आणि 1985 च्या 52व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टामुळे सभागृहातला पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडणाऱ्याचे सदस्यत्वही जाऊ शकते. 2022 नंतर महाराष्ट्रात जो वाद न्यायालयापर्यंत गेला, त्यात कोणत्या गटाचा व्हिप खरा हाच कळीचा मुद्दा होता. अमेरिकेत तसा वाद उद्भवूच शकत नाही. तिथेही प्रत्येक पक्षाचा प्रतोद असतो, तो मते मोजतो, समजावतो, कधी समितीतले स्थान काढून घेण्याची भीती घालतो, पण पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या सिनेटरचे पद कोणीही काढून घेऊ शकत नाही. कायद्याने पाहता अमेरिकी लोकप्रतिनिधीइतका मोकळा लोकप्रतिनिधी क्वचितच कुठे असेल. तरीही गेल्या काही वर्षांत त्याच्याइतका धास्तावलेला प्रतिनिधीही क्वचितच दिसला, आणि या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात सिनेटर थेट जनतेकडून निवडला जात नसे. राज्याचे विधिमंडळ त्याला निवडत असे, आणि ही पद्धत 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकली. मॅसॅच्युसेट्सचे फेडरलिस्ट सिनेटर जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी जेफरसन यांच्या 1807 च्या व्यापारबंदीला पाठिंबा दिला, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या विधिमंडळाने मुदत संपण्याच्या कितीतरी आधी त्यांचा उत्तराधिकारी निवडून टाकला आणि त्यांनी राजीनामा दिला. न्यूयॉर्कमध्ये मार्टिन व्हॅन ब्युरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतर वेगळेच तत्त्वज्ञान मांडले. पक्ष ही लाजेची गोष्ट नाही, सामान्य कुळातल्या माणसाला बड्या घराण्यांशी टक्कर देण्याचे ते एकमेव साधन आहे, म्हणून पक्षाशी निष्ठा हाच सद्गुण मानावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा विचार आज हसण्यावारी नेला जातो, आणि तसे नेणे अन्यायाचे आहे, कारण संघटनेशिवाय तत्त्व म्हणजे सुस्थित माणसाचा छंद ठरण्याचा धोका असतो, हे व्हॅन ब्युरेन यांनी ओळखले होते.

पक्षाविरुद्ध उभ्या राहणाऱ्यांचा गौरवग्रंथ 1956 साली जॉन केनेडी यांच्या नावाने प्रसिद्ध झाला, त्याला पुलित्झर पारितोषिकही मिळाले, आणि अमेरिकी मनात तत्त्वनिष्ठ सिनेटरची जी प्रतिमा आहे ती बरीचशी त्याच पुस्तकाने घडवली. त्यातला एक नायक म्हणजे कॅन्ससचे एडमंड रॉस. 1868 मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगात स्वपक्षाविरुद्ध मत देणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांपैकी ते एक, आणि 35 विरुद्ध 19 अशा मतांनी, म्हणजे दोन-तृतीयांशाला केवळ एक मत कमी पडून, जॉन्सन वाचले. रॉस यांनी नंतर त्याच जॉन्सन यांच्याकडे आपल्या माणसांच्या नेमणुकांसाठी मागण्या केल्या, ही गोष्ट इतिहासकारांनी पुढे आणली, आणि गौरवग्रंथातील चित्र त्यामुळे बरेच मलिन झाले. केनेडी यांचीही गोष्ट सरळ नाही. 2 डिसेंबर 1954 रोजी सिनेटने, कम्युनिस्ट असल्याचे बेछूट आरोप करत सुटलेले रिपब्लिकन सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावर 67 विरुद्ध 22 मतांनी ठपका ठेवला, तेव्हा पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे रुग्णालयात असलेल्या केनेडी यांनी आपला कौल कोणत्या बाजूने आहे हे नोंदवलेही नाही.

ज्यांनी खरोखर वेळेवर तोंड उघडले, त्यांत मेन राज्याच्या रिपब्लिकन सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 1 जून 1950 रोजी, मॅकार्थी यांचा आरोपसत्राचा धडाका नुकताच सुरू झाला असताना, त्यांनी सिनेटमध्ये सदसद्विवेकाचे निवेदन वाचून दाखवले. त्यावर आणखी सहा रिपब्लिकन सिनेटरांच्या सह्या होत्या. या भाषणाचे वैशिष्ट्य असे की त्यात पक्षत्यागाची भाषा कुठेही नाही. आपल्या पक्षाला विजय हवाच आहे, पण भय, अज्ञान, द्वेष आणि बदनामी यांच्यावर स्वार होऊन मिळालेला विजय नको, असे त्यांनी म्हटले, म्हणजे निष्ठा आणि तत्त्व यांत निवड करण्याऐवजी पक्ष कशाचे नाव आहे यावरच त्यांनी आपला हक्क सांगितला. मॅकार्थी यांनी त्यांची टवाळी केली आणि एका महत्त्वाच्या तपास उपसमितीतून त्यांना काढून तिथे रिचर्ड निक्सन यांना बसवले. 1954 मध्ये त्यांच्याविरुद्ध मॅकार्थीसमर्थक उमेदवार पक्षांतर्गत निवडणुकीत उभा राहिला, तेव्हा मेनच्या रिपब्लिकन मतदारांनी स्मिथ यांना प्रचंड मताधिक्याने निवडले. या निकालाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

सदसद्विवेक हा शब्द मात्र नेहमी न्यायाच्याच बाजूने उच्चारला गेला असे मानण्याचे कारण नाही. 1948 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने नागरी हक्कांचा ठराव केला म्हणून दक्षिण कॅरोलिनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थरमंड पक्षाबाहेर पडून अध्यक्षपदासाठी लढले आणि त्यांना चार राज्ये व 39 निर्वाचक मते मिळाली. त्यांचेही म्हणणे तत्त्वासाठी लढतो असेच होते, आणि ते तत्त्व वर्णविभाजनाचे होते. 1964 च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध सिनेटमध्ये पडलेल्या 27 मतांपैकी 21 मते डेमोक्रॅटांची, म्हणजे कायदा रेटणाऱ्या अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याच पक्षाची होती. शिस्तबद्ध पक्ष असता तर तो कायदा कदाचित बराच आधी झाला असता. स्मिथ यांचे भाषण झाले त्याच वर्षी, 1950 मध्ये, अमेरिकी राज्यशास्त्र परिषदेच्या समितीने पक्षांमध्ये अधिक जबाबदारी आणि अधिक एकजूट हवी असा अहवाल दिला होता. पक्षांत फरकच उरला नाही, मतदाराने निवडायचे काय, अशी त्या अभ्यासकांची तक्रार होती. मागितलेली एकजूट नंतर आली, पण ती पक्षसंघटनेने आणली नाही.

ती आली उमेदवारीच्या दरवाजातून. पक्षाचा उमेदवार बंद खोलीतल्या पुढाऱ्यांऐवजी पक्षाच्या सामान्य मतदारांनी मतपेटीतून ठरवावा, या पद्धतीला प्रायमरी म्हणतात; विस्कॉन्सिनचे सुधारणावादी नेते रॉबर्ट ला फॉलेट यांच्या आग्रहाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती त्या राज्यात रुजली आणि हळूहळू देशभर पसरली. अध्यक्षपदाच्या बाबतीत निर्णायक वळण 1968 नंतर आले, कारण त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळवली आणि त्यातून उसळलेल्या संतापामुळे नियम बदलले. लोकशाहीच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. परंतु जुना पक्षपुढारी, ज्याला तिथे बॉस म्हणत, तो किराणा दुकानदारासारखी वही ठेवत असे: आज याने एक मत चुकवले, उद्या दुसऱ्या कामात भरून देईल, असा हिशेब त्याला चालत असे. त्याच्याशी बोलता येई, सवलत मागता येई. प्रायमरीत मत द्यायला येणाऱ्या, संख्येने थोड्या आणि भावनेने तीव्र अशा मतदारसमूहाशी असा व्यवहार करता येत नाही. तिथे क्षमा मागायची तर ती कोणाकडे, हेच ठरत नाही.

पण केवळ प्रायमरीला दोष दिला तर मेनचा 1954 चा निकाल समजत नाही. तेव्हाही दरवाजा मतदारांच्याच हाती होता, मात्र ते मेनचे मतदार म्हणून मत देत होते आणि स्मिथ यांना वर्षानुवर्षे ओळखत होते. आज वायोमिंगमधला मतदार आणि फ्लोरिडामधला मतदार एकाच वाहिनीवर एकच भांडण पाहतात, आणि स्थानिक प्रतिनिधीचे मोजमाप राष्ट्रीय नेत्याशी असलेल्या त्याच्या नात्यावरून होते. 20 जुलै 2016 रोजी क्लीव्हलँडच्या रिपब्लिकन अधिवेशनात, उमेदवारीच्या शर्यतीत डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडून हरलेले सिनेटर टेड क्रूझ यांनी लोकांना आपल्या विवेकाला स्मरून मत देण्याचे आवाहन केले, तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. सप्टेंबरमध्ये क्रूझ यांनी ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला. 2020 मध्ये तर रिपब्लिकन पक्षाने नवा जाहीरनामाच केला नाही, 2016 चाच पुढे चालू ठेवला आणि अध्यक्षांच्या कार्यक्रमाला उत्साहाने पाठिंबा देण्याचा ठराव केला.

वायोमिंगच्या रिपब्लिकन प्रतिनिधी लिझ चेनी यांचे प्रकरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. अध्यक्ष ट्रम्प यांच्या धोरणाच्या बाजूने त्यांनी प्रतिनिधिगृहात 90 टक्क्यांहून अधिक वेळा मत दिले होते. 13 जानेवारी 2021 रोजी ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकन सदस्यांत त्या होत्या. फेब्रुवारीत त्यांना पक्षाच्या नेतृत्वपदावरून हटवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गुप्त मतदानात तो 145 विरुद्ध 61 मतांनी फेटाळला गेला. मे महिन्यात तोच विषय आवाजी मतदानाने पुढे आला आणि त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या एलिस स्टेफॅनिक यांनी धोरणांवर ट्रम्प यांना चेनींपेक्षा कितीतरी कमी वेळा साथ दिली होती. तेव्हा कसोटी धोरणाची नव्हती, हे उघड आहे. ऑगस्ट 2022 मध्ये वायोमिंगच्या प्रायमरीत चेनी मोठ्या फरकाने हरल्या. त्या दहांपैकी चौघांनी पुन्हा निवडणूकच लढवली नाही, चौघे प्रायमरीत पडले आणि दोघे परतले.

ते दोघे कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हॅलाडेओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. दोन्ही राज्यांत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक फेरीत उभे राहतात, कोणत्याही पक्षाचा मतदार त्यांतल्या कोणालाही मत देऊ शकतो आणि पहिले दोन पुढे जातात. (वॉशिंग्टनमधल्याच आणखी एका सदस्या याच पद्धतीत तिसऱ्या क्रमांकावर पडल्या, तेव्हा पद्धत म्हणजे कवच नव्हे.) सिनेटमध्ये मिट रॉम्नी 2020 मध्ये स्वपक्षाच्या अध्यक्षाला दोषी ठरवणारे इतिहासातले पहिले सिनेटर झाले आणि त्यांनी त्यासाठी ईश्वरासमोर घेतलेल्या शपथेचा हवाला दिला, पुढच्या वर्षी तसे मत देणाऱ्या सात रिपब्लिकनांत काहीजण निवृत्तीच्या वाटेवर होते, तर काहींची सहा वर्षांची नवी मुदत नुकतीच सुरू झाली होती. 2022 मध्ये मतदारांपुढे जावे लागणाऱ्या एकट्या लिसा मर्कोव्स्की होत्या. त्यांच्या अलास्काने 2020 मध्येच सर्वांसाठी एक फेरी आणि पसंतीक्रमाचे मतदान स्वीकारले होते, आणि त्या निवडून आल्या.

डेमोक्रॅटिक पक्षाला हा प्रश्न वेगळ्या बाजूने भिडला. 1974 च्या ऑगस्टमध्ये बॅरी गोल्डवॉटर आणि आणखी दोन रिपब्लिकन नेत्यांनी तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांना भेटून महाभियोगातून वाचण्यासाठी सिनेटमध्ये पुरेशी मते उरली नसल्याचे सांगितले होते आणि दुसऱ्याच दिवशी राजीनाम्याची घोषणा झाली. त्यासारखाच प्रसंग 2024 मध्ये जो बायडेन यांच्यावर आला. 8 जुलैच्या पत्रात त्यांनी पक्षाच्या खासदारांना बजावले की उमेदवार मतदारांनी ठरवला आहे, तो ठरवण्याचा हक्क अन्य कोणालाही नाही. आणि 21 जुलैला ज्येष्ठांच्या दबावापुढे त्यांनी माघार घेतली. जुन्या पक्षसंघटनेची शक्ती इतकी स्पष्टपणे फार वर्षांनी दिसली, आणि तिच्याविरुद्धचा बायडेन यांचा युक्तिवाद शब्दशः प्रायमरीचाच होता.

हा दरवाजा बदलण्याची संधी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अनेक राज्यांतील मतदारांपुढे आली. कोलोरॅडो आणि आयडाहो यांनी सर्वांसाठी खुली प्राथमिक फेरी नाकारली. अलास्काने आपली पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव अवघ्या काही शे मतांनी फेटाळला. नेवाडात मतदारांच्या पुढाकाराने आलेल्या राज्य घटनेतील दुरुस्तीला लागोपाठ दोन निवडणुकांत मान्यता लागते. 2022 मध्ये तिथल्या मतदारांनी दोन्ही पक्षांतल्या प्रमुखांचा विरोध डावलून हा बदल मंजूर केला होता, आणि 2024 मध्ये त्यांनीच तो परत घेतला.