परक्याची तिरडी

लखनौच्या चौक भागातील अरुंद गल्लीत समोरून जनाजा आला की सायकलस्वार पाय टेकवतो, रिक्षावाला भिंतीला लागून उभा राहतो, पायरीवर बसलेला म्हातारा उठतो. मृत कोण, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते आणि त्या क्षणी कोणी विचारीतही नाही. एखादा तरुण हातातली पिशवी दुकानाच्या फळीवर ठेवून पुढे होतो, खांदा देतो, काही पावलांनी तो दुसऱ्याच्या हवाली करतो आणि आपल्या कामाला परततो. गोमतीकाठच्या भैंसाकुंडाकडे निघालेल्या तिरडीपुढेही असेच घडते. तेथे कोणाचा हात कपाळाकडे जातो, कोणी पायांतली वहाण काढतो, एवढाच भेद.

‘पहले आप’ हा या शहराचा शिष्टाचार पुष्कळ काळापासून विनोदाचा विषय झाला आहे. दोन नवाब एकमेकांना पुढे घालीत राहिले आणि आगगाडी निघून गेली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या शिष्टाचारात एक हिशेब दडलेला असतो: आज ज्याला वाट दिली तो उद्या वाट देईल. मृताकडून अशी परतफेड संभवत नाही. त्याला दिलेला मान त्याला कळतही नाही. मग वाटसरू थांबतो तो कोणासाठी?

हा प्रश्न जुनाच आहे आणि त्याची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. हदीससंग्रहांत कादिसिया येथील एक प्रसंग येतो. सहल बिन हुनैफ आणि कैस बिन साद हे दोघे बसले असता समोरून एक जनाजा गेला आणि ते उठून उभे राहिले. हा तर इथल्या परधर्मी रहिवाशाचा जनाजा, असे कोणी त्यांना सांगितले. त्यावर त्यांनी पैगंबरांची आठवण सांगितली. एका यहुद्याच्या जनाज्यासाठी पैगंबर उभे राहिले होते आणि तो यहुदी असल्याचे सांगताच, त्याच्या ठायीही जीवच होता ना, अशा आशयाचा प्रतिप्रश्न त्यांनी केला होता. दुसऱ्या एका परंपरेनुसार उभे राहण्याचे कारण मृत्यूची भीषणता हे आहे. तिसरीनुसार, सोबत चालणाऱ्या देवदूतांचा मान. चौथी परंपरा याहून अगदी निराळी आहे. परधर्मीयाची तिरडी आपल्या मस्तकाहून उंचावरून जाऊ नये म्हणून ते उठले, असे ती सांगते. शियांच्या ग्रंथांतही ती आढळते. ज्या शहरात शिया आणि सुन्नी शेजारी नांदतात, तेथे हा मतभेद केवळ ग्रंथगत राहत नाही. कृती एकच, उठून उभे राहण्याची. पण एका अर्थाने ती परक्याला आपल्यात घेते आणि दुसऱ्या अर्थाने त्याला दूर सारते. बाहेरून पाहणाऱ्याला या दोहोंतला फरक ओळखता येणार नाही.

पुढे हनफी शास्त्रकारांनी, जनाज्याबरोबर जायचे नसेल तर बसलेल्याने उठणे आवश्यक मानले नाही. पैगंबर पुढे बसून राहू लागले होते, या परंपरेचा आधार त्यांना होता. हिंदू धर्मशास्त्रातही या रिवाजाला भक्कम आधार शोधू जाता निराशाच पदरी येते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी याची यादी आहे: वाहनस्थ, अतिवृद्ध, रोगी, भारवाही, स्त्री, स्नातक, राजा आणि वर. त्या यादीत नवरदेव आहे, प्रेत नाही. प्रेताचा विचार पाचव्या अध्यायात येतो, आणि तो अशौचाच्या अंगाने: प्रेतामागून गेल्यास स्नान करावे. महाराष्ट्रात आणि उत्तरेतही प्रवासाला निघताना प्रेत सामोरे येणे हा शुभशकुन समजतात. इस्लामी परंपरेत जनाज्यासोबत जाण्याचे मोठे पुण्य सांगितले आहे. थांबणाऱ्याच्या मनात असा लाभाचा विचार कधीच नसतो, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तथापि पिशवी फळीवर ठेवणारा तो तरुण पुण्याची मोजदाद करीत असेल, असेही वाटत नाही. शास्त्राने ज्याची सक्ती केली नाही ते रस्त्याने सांभाळले, एवढे मात्र दिसते.

रस्त्यावरच्या अनोळखी प्रेतापुढे अडलेल्या माणसाचे चित्र याच अवध प्रांताच्या एका कवीने रंगविले आहे. स्वतःला साकेतचा म्हणवणाऱ्या अश्वघोषाच्या बुद्धचरिताच्या तिसऱ्या सर्गात राजपुत्राच्या विहारासाठी राजमार्ग साफ केला जातो. साफ म्हणजे केवळ झाडलेला नव्हे. व्याधिग्रस्त आणि दीन माणसे त्यावरून हटविली जातात. तरीही तिसऱ्या खेपेस चौघांनी उचललेले प्रेत समोर येतेच. ते फक्त राजपुत्राला आणि सारथ्याला दिसते. मृताचे नाव वा कूळ राजपुत्र विचारीत नाही. हे या एकट्याचेच प्राक्तन की सर्वांचे, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. उत्तर ऐकून तो रथ मागे वळवायला सांगतो. सारथी वळवीत नाही; राजाज्ञेप्रमाणे तो रथ उपवनाकडेच नेतो.

मृत्यू रस्त्यावरून हटविण्याची ही राजवृत्ती काव्यापुरती राहिलेली नाही. 2020 च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस हाथरस जिल्ह्यातील एका दलित तरुणीच्या देहावर मध्यरात्रीनंतर, कुटुंबीयांच्या अनुपस्थितीत, अंत्यसंस्कार उरकण्यात आले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने 1 ऑक्टोबर रोजी हे प्रकरण स्वतःहून हाती घेतले. मृताच्या प्रतिष्ठेचा आणि त्याच्या आप्तांच्या हक्काचा प्रश्न त्यात होता. परंतु न्यायालयापुढे ज्याची दाद मागता येत नाही असेही काही त्या रात्री हिरावले गेले. गावाच्या वाटेवर त्या देहासाठी थांबणारे कोणी असण्याची शक्यताच उरली नाही.

पुढच्या वर्षी, 2021 च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत भैंसाकुंडावर एकाच वेळी पेटलेल्या अनेक चितांची दृश्ये सर्वदूर पसरली आणि प्रशासनाने स्मशानाभोवती पत्र्यांचा आडोसा उभा केला. या दोन घटना एका मापाने मोजू नयेत. संसर्गाच्या काळात प्रशासनापुढील अडचणी खऱ्या होत्या. तरी आडोसा रस्त्याच्या बाजूला होता, आणि रस्त्यावरच्या माणसाला रोगापासून वाचविण्याचे सामर्थ्य पत्र्यात नव्हते. त्या दिवसांत देह गाडीतून येत, खांदे देणारे मोजके असत. पाय टेकवून थांबावे असे गल्लीतून काही जातच नव्हते.

साथ ओसरली, शववाहिनी मात्र राहिली. ती साथीच्या आधीही होती. शहर पसरले आहे, ऐशबागचे कब्रस्तान आणि गोमतीचा घाट नव्या वस्त्यांपासून दूर पडतात, आणि उन्हाळ्यात एवढे अंतर खांद्यावरून चालून जाण्याचा आग्रह धरणे निर्दयपणाचे ठरेल. गाडीला वाट दिली जाते, पण ती भोंग्याला दिलेली असते. आत रोगी आहे की प्रेत, हे बाजूला सरणाऱ्याला बहुधा कळत नाही. हनफी शास्त्रकारांनी तिरडीच्या चारही कोपऱ्यांना दहा-दहा पावले खांदा देणे उत्तम म्हटले आहे. चाळीस पावलांचा तो फेरा गाडीत संभवत नाही. फाटकापाशी देह उतरवला जातो तेव्हा कधी कधी नातलग चौघेही भरत नाहीत. मग आत दुसऱ्या कोणाचा दाह पुरा होण्याची वाट पाहत बसलेल्यांपैकी एखादा उठतो आणि रिकाम्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहतो.