शिष्यवृत्ती की इसार?

नीटचा निकाल लागला की मुखेडमधले फ्लेक्स बदलतात. वाढदिवसाचे आणि नियुक्तीबद्दल अभिनंदनाचे उतरतात, त्या जागी छोट्या छोट्या चौकोनांत मुलामुलींचे चेहरे येतात. वर लातूरच्या किंवा नांदेडच्या क्लासचं नाव, एका बाजूला हाताची घडी घातलेले सर, खाली मुलं आणि मुलांच्या खाली ७२० पैकी किती ते. या फ्लेक्समागे बराच व्यवहार असतो. छापणारा चौरस फुटावर पैसे घेतो, डिझाइन करणारा त्याचे घेतो. ज्याच्या गच्चीवर फ्लेक्स लागतो तो भाडं घेतो. परवानगी काढलीच तर नगरपरिषद शुल्क घेते. ज्या चेहऱ्यासाठी रस्त्यावरचा माणूस मान वर करून बघतो, त्या चेहऱ्याला तेवढे पैसे द्यायचे नसतात.

का नसतात, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. विचारणंच थोडं असभ्य वाटतं. सरांनी शिकवलं, पोरगं डॉक्टर होणार, आणि आता फोटोचे पैसे मागायचे? पण जवळपास हाच प्रश्न अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंबद्दल वर्षानुवर्षं कोर्टात लढवला गेला. तिथली उत्तरं आपल्या फ्लेक्सला लावून बघण्यासारखी आहेत.

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलचे सामने हा मोठा धंदा आहे. टीव्हीचे हक्क विकले जातात, स्टेडियम भरतात, प्रशिक्षकाचा पगार कित्येकदा विद्यापीठाच्या अध्यक्षापेक्षा जास्त असतो. खेळाडू मात्र 'हौशी'. त्याला फी माफ, राहणं-खाणं मोफत, पण स्वतःच्या नावावर बुटाची जाहिरातसुद्धा करायची नाही, असा एनसीएए या खेळांच्या नियामक संस्थेचा नियम होता. एड ओबॅनन नावाच्या बास्केटबॉल खेळाडूला कॉलेज सोडून बरीच वर्षं झाल्यावर एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला. तोच संघ, तीच अंगकाठी, पाठीवर तोच नंबर. नाव नव्हतं, पैसेही नव्हते. २००९ साली तो कोर्टात गेला. पुढे २०२१च्या जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणाशी निगडित लाभांवरच्या मर्यादेबाबत एनसीएएच्या विरोधात एकमतानं निकाल दिला. त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलैपासून, खेळाडूंना आपलं नाव, छबी आणि ओळख वापरून कमवायची मुभा मिळाली. २०२५च्या तडजोडीनंतर तर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत.

आपल्याकडे कॉलेजच्या खेळाला प्रेक्षकच नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला तिकीट लावून बघा. खेळणारे आणि त्यांच्या बॅगा सांभाळणारे एवढेच येतील. आपलं स्टेडियम भरतं ते निकालाच्या दिवशी. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या बोर्डातल्या निकालांनी 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर नेलं. नीट आल्यावर त्या नावाचा भाव कॉलेजांकडून क्लासेसकडे सरकला. आज लातूरचा उद्योग भवन परिसर आणि नांदेडचं भाग्यनगर इथे जे चालतं, त्यात अमेरिकी कॉलेज फुटबॉलचं सगळं आहे: निवड चाचण्या, वसतिगृहं, नावाजलेले प्रशिक्षक, पळवापळवी. आणि चेहरा फुकट द्यायचा, ही प्रथाही.

क्लासचालकांचं म्हणणं साधं आहे, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. हुशार मुलाची आम्ही फी घेतली नाही, वसतिगृहात ठेवलं, दोन वर्षं त्याच्या मागे लागलो. मग त्याचा फोटो लावला तर बिघडलं काय? अमेरिकी विद्यापीठंही हेच म्हणत होती. शिक्षण मोफत दिलं, आणखी काय हवं?

मला यात एक शब्द अडतो. शिष्यवृत्ती. बैलाचा किंवा जमिनीचा सौदा ठरला की आपण इसार देतो. इसार ही मदत नसते. ती घेणाऱ्याला बांधून ठेवणारी रक्कम असते. दहावीला ९८ टक्के पडलेल्या मुलाच्या घरी ज्या चपळाईनं फोन येतात आणि फी माफ करण्याची भाषा होते, ती चपळाई सोयाबीन बुडालेल्या शेतकऱ्याच्या सामान्य मुलासाठी दिसत नाही. गरजेवर दिली तर शिष्यवृत्ती म्हणावी. दोन वर्षांनी येणाऱ्या चेहऱ्यावर दिली असेल, तर तो इसार आहे. इसार देण्यात पाप नाही, पण मग सौदा झाला हे दोन्ही बाजूंनी कबूल करावं, आणि उरलेली रक्कम किती हेही ठरवावं.

खरी मदत कशी दिसते, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे, तेही कॉलेजच्या खेळाडूचंच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जायला निघाले तेव्हा पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असं सांगितलं जातं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते मिळेल याची खात्री नसताना दिलेले ते पैसे होते.

इथे कुणी गुरुदक्षिणेची आठवण काढेल. चेहरा ही गुरुदक्षिणाच, तिचा हिशेब करू नये. पण महाभारतातली सगळ्यात प्रसिद्ध गुरुदक्षिणा अशा गुरूनं मागितली, ज्यानं त्या शिष्याला एक दिवसही शिकवलं नव्हतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ज्या स्पर्धा परीक्षा संस्थांना दंड केले, त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांत हेच निघालं: उमेदवार फक्त मोफत मुलाखत मार्गदर्शनाला आला होता, आणि जाहिरातीनं असा भास केला की तो संस्थेच्या मोठ्या कोर्समधून घडला. एकाच चेहऱ्यावर दोन-तीन क्लास दावा सांगतात तेही असंच. कुणाची टेस्ट सिरीज, कुणाचा क्रॅश कोर्स. अंगठा सगळ्यांनाच हवा असतो.

एवढ्यावरून मी 'टॉपरला पैसे द्या' म्हणून मोकळा झालो असतो, पण खेळाडू आणि टॉपर यांच्यात एक फरक आहे. तो लक्षात घेतला नाही तर अमेरिकेचं उत्तर इथे उलटं पडेल.

मुखेड तालुक्यातल्या होनवडजच्या भाग्यश्री जाधव २०२४ साली पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलसोबत तिरंगा घेऊन चालल्या. उद्या त्यांनी एखाद्या बँकेची किंवा दुधाची जाहिरात केली, तर ते दूध पिऊन गोळा लांब गेला असं कुणी समजणार नाही. आपल्याला माहीत असतं की ही त्यांच्या नावाची किंमत आहे. गोळा जिथे पडला तिथे पडला. तो सगळ्यांसमोर मोजला गेला. टॉपरच्या फोटोचं काम वेगळं आहे. तो फोटो एक दावा करतो: मी इथे शिकलो म्हणून मला हे गुण पडले. हा दावा बघणाऱ्याला तपासता येत नाही. म्हणजे खेळाडू प्रसिद्धी विकतो, आणि टॉपर साक्ष देतो.

साक्षीचे पैसे घेतलेल्या साक्षीदारावर आपण विश्वास ठेवत नाही. त्यामुळे टॉपरला पैसे दिले की फोटोचं मोलच उतरतं, ही अडचण खरी आहे. पण फुकट साक्ष तरी निर्मळ असते का? फी माफीच्या ओझ्याखाली, सरांच्या केबिनमध्ये, निकालाच्या दुसऱ्या दिवशी दिलेली साक्षही मोबदल्याचीच आहे. फरक एवढाच की तो मोबदला बघणाऱ्याला दिसत नाही. पैसे दिले आणि ते फ्लेक्सवर लिहिले, तर निदान दिसेल.

बघणारा कोण, हे इथे महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या वादात विद्यापीठ आणि खेळाडू असे दोन मुख्य पक्ष होते. आपल्याकडे तिसरा पक्ष सगळ्यांत मोठा आहे: कोरडवाहू जमिनीवरचा, वर्षातले काही महिने हैदराबादेत काम करणारा बाप. तो फ्लेक्सखाली उभा राहून गुण वाचतो आणि हिशेब करतो, की दोन वर्षांची फी, खोली, मेस धरून किती लागतील आणि ते कशावर काढायचे. २०२४ साली नीटला सुमारे २३ लाख मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. हे आकडे फ्लेक्सवर नसतात. त्या वर्षी तर ७२० पैकी ७२० मिळवणारे आधी ६७ होते, आणि न्यायालयातल्या सुनावणीनंतर जुलैच्या अखेरच्या यादीत १७ उरले. जूनच्या क्रमांकांवर छापलेले फ्लेक्स त्यासाठी कुणी उतरवले असतील, असं वाटत नाही.

अमेरिकेत फुटबॉलच्या तारांकित खेळाडूंनी कमावलेल्या पैशांवर पोहणं, कुस्ती असे कमी प्रेक्षकांचे खेळ चालतात. म्हणून त्या खेळाडूंची तक्रार होती. आपल्याकडे उलट आहे. ज्यांचा फोटो कधीच लागणार नाही, त्या मुलांच्या फीवर टॉपरची माफी चालते आणि फ्लेक्सही. टॉपरला पैसे देणं हा त्याच्या हक्काचा प्रश्न आहे, मान्य. पण ते पैसे शेवटी फ्लेक्सखालच्या बापाच्याच खिशातून येणार. म्हणून त्या बापाला खरं कळणं हा माझ्या मते पहिला हक्क. टॉपरचा मोबदला दुसरा.

कायदा आता याच वाटेनं चाललाय. जाहिरातीत कुणाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४च्या राजगोपाल खटल्यात खासगीपणाच्या हक्काखाली मान्य केलं. १३ नोव्हेंबर २०२४ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांनुसार मुलाची लेखी संमती निकालानंतरच घ्यायची, प्रवेशाच्या फॉर्ममध्ये आधीच नाही. इसाराच्या पद्धतीवरच तो घाव आहे. (गंमत म्हणजे या तत्त्वांच्या व्याख्येतून खेळाचं प्रशिक्षण वगळलंय, तालमीचे फ्लेक्स मोकळे.) २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा तर जाहिरातीला दुजोरा देणाऱ्यालाही जबाबदार धरतो, खोट्या जाहिरातीसाठी त्याला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आज मोफत चेहरा देणाऱ्या मुलाला ही जबाबदारी कुणी समजावून सांगतं का?

संमतीबद्दल मात्र कायद्याला मुखेड माहीत नाही. कागदावर सही मागितली की बाप म्हणणार, "सर, तुम्ही म्हणाल तसं." सरांना नाही म्हणायची भाषाच त्या नात्यात नाही. आणि धाकटी बहीण त्याच क्लासला अकरावीत असेल, तर बोलायलाच नको. पैशाचा आकडा पुढे आला की निदान एक गोष्ट बदलते: सही हा व्यवहार आहे हे दोघांना कळतं, आणि व्यवहाराला नाही म्हणता येतं.

पैशानं मोजता न येणारी एक बाजूही आहे. वस्तीवरच्या मुलीचा फोटो तालुक्याच्या चौकात लागतो, तेव्हा तिच्या लग्नाची घाई करणारे नातेवाईक काही वर्षं गप्प बसतात. तिच्या गावातल्या आणखी दोन मुली अकरावीला सायन्स घेतात. तिला विचारलं तर ती म्हणेल, पैसे राहू द्या, फोटो मोठा लावा. मला तिचं म्हणणं खोटं पाडता येत नाही. पाडायचंही नाही. तिनं फुकट द्यायचं ठरवलं तर द्यावं. पण ते तिनं दिलेलं असावं, क्लासनं गृहीत धरलेलं नसावं. दहावीच्या मुलांबाबत तर तेवढाही आधार नाही. १८ वर्षांखालच्या मुलाचा करार आपल्या कायद्यात करारच नसतो, आणि बापाच्या सहीवर पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा चेहरा वर्षभर उन्हात टांगावा, हे मला पटत नाही. बोर्डानं गुणवत्ता यादी बंद केली तेव्हाचं कारण ताण हे होतं. ती यादी आता फ्लेक्सवर लागते.

लिलाव सुरू होईल, असा आक्षेप येतो. टॉपर जास्त पैसे देणाऱ्या क्लासचं नाव घेईल. लिलाव आताही आहे, फक्त तो निकालाच्या दोन वर्षं आधी, बंद दाराआड, फी माफीच्या नावानं होतो. निकालानंतरचा आणि जाहीर लिलाव मला कमी वाईट वाटतो.

म्हणून माझं मत: फोटो वापरल्याचे पैसे द्यावेत, दर वर्षी वापराल तर दर वर्षी द्यावेत, आणि ते दिल्याचं फोटोखालीच लिहावं. नव्या नियमांनी फोटोसोबत मुलाचं नाव, क्रमांक, कोर्स, त्याचा कालावधी आणि तो पैसे भरून केला की मोफत, हे सांगणं बंधनकारक केलंय. मी त्यात आणखी एक ओळ घातली असती: कितवा प्रयत्न. फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांत रिपीटर बॅचची मुलं असतात, कुणाचा दुसरा प्रयत्न, कुणाचा तिसरा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट त्या मुलांनी जास्त सोसलेलं असतं. पण फ्लेक्सखाली दोन वर्षांचा हिशेब करणाऱ्या बापाला तो चार वर्षांचा असू शकतो, हे आज तिथे कुठेच लिहिलेलं नाही.