तारा लावावा की नाही?



शहागंजच्या घड्याळाजवळून नाताळची खरेदी करून जाताना मन पूर्वीसारखे मोकळे राहत नाही. आपल्यापैकी अनेकांचे नातलग खेड्यांत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सोयाबीन, कपाशी पाण्यात गेली, कुठे तर शेतातली मातीच वाहून गेली. दूरच्या बातम्याही तशाच. गाझातील युद्धामुळे प्रत्यक्ष बेथलेहेममध्ये २०२३ व २०२४ साली रोषणाई व जाहीर सोहळे झाले नाहीत. मग आपण करंज्या तळाव्यात का, घरावर तारा लावावा का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

परंतु लक्षात घ्या, त्या दोन्ही वर्षी बेथलेहेममध्ये नाताळची मिस्सा झाली. आणि पहिल्या नाताळाला तरी कोठे सुबत्ता होती? शिरगणतीचा हुकूम, गरोदरपणात केलेला प्रवास, उतारशाळेत जागा नाही, पुढे हेरोदाची तलवार! देवाने बऱ्या दिवसांची वाट पाहिली नाही. तो वाईट दिवसांतच आपल्याकडे आला.

म्हणून तारा अवश्य लावू या. अंधारात कोणाला तरी वाट दिसावी यासाठीच तो असतो. मात्र फराळाचे पहिले ताट, ज्या घरचे पीक गेले, ज्या घरचे माणूस गेले, तेथे पोहोचवू या. ताट ठेवून लगेच परतू नका. थोडा वेळ बसा, त्यांचे ऐका. बाळ येशूची गव्हाणी तुम्हांला तेथेच दिसेल.

प्रभू येशू तुमच्या घराला शांती देवो. आमेन.