"अभ्यास झाला का?"



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ४०.

खरं तर आज ध्यानावर लिहायचं ठरवलं होतं. पण सकाळी पारायणाला बसायच्या आधीच मावसभावाचा मेसेज आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "दादा, एम-थ्री उडाला. घरी सांगितलं नाहीये. तू पण मावशीकडे काही बोलू नकोस प्लीज."

मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि गीता उघडली. समोर पस्तिसावा श्लोक. त्यात तोच शब्द, जो आपल्या प्रत्येकाच्या आईने हजार वेळा उच्चारलेला आहे: अभ्यास.

त्यामुळे आज ध्यान राहू दे. आज अभ्यासाबद्दल बोलू.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी त्याला उपदेश करतोय असं वाटायला नको. मीसुद्धा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एम-थ्रीतच नापास झालो होतो. शंभरपैकी ३१. हॉस्टेलला असताना रोज रात्री आठच्या सुमारास आईचा फोन यायचा. पहिला प्रश्न, "जेवलास का?" दुसरा, "अभ्यास झाला का?" माझं उत्तर ठरलेलं: "हो, झाला."

आणि गंमत म्हणजे, मला ते खोटं वाटायचंच नाही. मी खरंच पुस्तक घेऊन बसायचो. लाप्लासची सोडवलेली उदाहरणं वाचायचो. पहिली ओळ, दुसरी ओळ, हो कळलं, पुढे. चाळीस पानं झाली की वाटायचं, झाला अभ्यास. पीएल लागली तेव्हा तीच पानं पुन्हा वाचली, हायलायटर मारला, आदल्या रात्री नाइट मारली. पेपर हातात आला. प्रश्न ओळखीचा होता, उत्तर नव्हतं. रोज गल्लीत दिसणारा माणूस समोर यावा आणि त्याचं नावच आठवू नये, तसं झालं.

निकाल लागल्यावर चार महिने मी घरी सांगितलं नाही. बॅकलॉगचा फॉर्म भरायला पैसे हवे होते, ते "पुस्तकांसाठी" म्हणून मागवले. बाबांनी दुसऱ्या दिवशी पाठवले. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत, आई करंज्या करत असताना, सांगून टाकलं. ती रागावली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "नापास झालास त्याचं काही नाही रे. पण मी रोज विचारत होते, आणि तू रोज हो म्हणत होतास."

इतकी वर्षं झाली, ते वाक्य अजून तसंच आहे माझ्यापाशी.

आता श्लोकांकडे येऊ. तेहतीस आणि चौतीसमध्ये अर्जुन काय करतो? भगवंतांनी नुकताच समत्वाचा योग सांगितलाय. वर्गातला हुशार मुलगा असता तर मान डोलावून "हो सर, कळलं" म्हणाला असता. अर्जुन तसं म्हणत नाही. तो सरळ सांगतो की हे मला जमेलसं वाटत नाही, माझं मन वाऱ्यासारखं आहे, ते धरून ठेवायचं कसं? एवढा मोठा धनुर्धर, रणांगणाच्या मधोमध उभा राहून आपल्याला काय येत नाही ते सांगतोय.

आणि भगवंत त्यावर चिडत नाहीत. आधी मान्य करतात की हो, मन आवरायला अवघडच आहे. मग दोन उपाय देतात: अभ्यास आणि वैराग्य.

क्रम बघा. आधी "मला येत नाही" हे खरं बोलणं, आणि त्यानंतर अभ्यास. माझ्या हॉस्टेलच्या खोलीत नेमका हाच क्रम चुकला होता.

मराठीत आपण अभ्यास म्हणजे शाळा-कॉलेजचं वाचन असं धरतो. मूळ अर्थ आहे पुन्हा पुन्हा करणं. पाणिनीच्या व्याकरणात तर ही चक्क एक संज्ञा आहे. 'ददाति' हे रूप बनताना 'दा' धातूचं द्वित्व होतं. त्या दोन भागांपैकी पहिल्याला पाणिनी 'अभ्यास' म्हणतो. म्हणजे परत येणं हे या शब्दाच्या हाडातच आहे. याच सहाव्या अध्यायातला सव्विसावा श्लोकही तेच सांगतो: मन जिथे जिथे पळेल तिथून त्याला परत आणायचं. मन पळणारच नाही, असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही.

मग मी चाळीस पानं पुन्हा पुन्हा वाचत होतो, तो अभ्यास नव्हता का? वरवर पाहिलं तर होता. पण मी पुस्तकाकडे परत जात होतो, स्वतःच्या अज्ञानाकडे नाही. पुस्तक उघडं असलं की सगळं येतंय असंच वाटतं.

यावर एक छान प्रयोग झालेला आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. पण आठवड्याने चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात, जे नुसतं वाचत राहिले त्यांना आपल्या लक्षात राहील याची खात्री जास्त होती, आणि लक्षात राहिलं कमी.

हे वाचलं तेव्हा मला माझं "हो, झाला" आठवलं. आईला सांगायच्या आधी मी ते खोटं स्वतःला सांगून झालेलं होतं. आमच्या कामातही हेच असतं. कोड नुसता वाचला तर नेहमी बरोबर वाटतो. टेस्ट चालवली की लाल रेघ दिसते. ती लाल रेघ आपला अपमान करायला आलेली नसते. ती फक्त खरं सांगते.

तुम्ही म्हणाल, हा तर स्टडी टेक्निकचा मुद्दा झाला. यात धर्म-अधर्म कुठे आला? स्वतःला थोडं फसवलं तर नुकसान कुणाचं?

मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण माझा अनुभव असा की स्वतःपुरतं खोटं स्वतःपुरतं राहत नाही. ते आठ वाजताच्या फोनवर येतं, फॉर्मच्या पैशांपर्यंत जातं. मग घरी जायला नको वाटतं, कारण घरी प्रश्न असतो. ज्यांच्या जिवावर आपण शिकतोय त्यांनाच टाळायला लागतो. म्हणून मला आता वाटतं की अभ्यास हा बुद्धीपेक्षा सत्याचा भाग जास्त आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतात, त्यातही आधी सत्य येतं, मग धर्म, आणि लगेच पाठोपाठ स्वाध्याय. हे योगायोगाने एकत्र आलं असेल असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू. खरं बोलायचं म्हणजे स्वतःला झोडपत बसायचं नाही. अर्जुनाचा पुढचा प्रश्न (श्लोक ३७, ३८) माझ्या मते प्रत्येक बॅकलॉगवाल्याने वाचावा. श्रद्धा आहे, सुरुवातही केली, पण मध्येच घसरला, तर तो फाटलेल्या ढगासारखा इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असं होतं का? भगवंतांचं उत्तर चाळिसाव्या श्लोकात आहे: चांगलं करू पाहणाऱ्याचा नाश होत नाही. आणि हे सांगताना ते अर्जुनाला 'तात' म्हणतात. बाप पोराला म्हणतो तसं, 'बाळा'.

म्हणजे दहा दिवस पुस्तक उघडलं नाही तर दहा दिवस गेले, एवढंच. अकराव्या दिवशी परत आलास की तोच अभ्यास.

मावसभावाला मी दुपारी फोन केला. जे सांगितलं ते तुमच्यापैकी शिकणाऱ्यांसाठी इथे लिहितो:

१. रोज लेक्चरनंतर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. दहा मिनिटं पुरे. जिथे अडशील तिथे खूण कर. ती खूण म्हणजे उद्याचा अभ्यास.

२. सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडव. अडलास तर एकच ओळ बघ, परत झाक.

३. तोच टॉपिक दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा सोडव. मधे थोडं विसरायला होईल, होऊ दे. विसरलेलं परत ओढून आणण्यातच ते पक्कं होतं.

४. नाइट मारू नकोस. याच अध्यायात सोळा-सतराव्या श्लोकात भगवंत सांगतात की अति झोपणाऱ्याला योग नाही, तसाच अति जागणाऱ्यालाही नाही. वाचलेलं झोपेतच मुरतं.

५. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. विद्यार्थ्याचं वैराग्य इथून सुरू होतं. आणि रूममेटचं किती झालं हे विचारणं बंद कर. तेही वैराग्यच.

तो सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आणि घरचं काय?"

यावर मी खरंच अडकलो. मावशीला मी सांगावं का? मला वाटतं, नाही. ते सत्य त्याचं आहे. मी सांगितलं तर त्याच्याकडून ते बोलण्याची संधीच काढून घेतली जाईल. पण मावशीने मला थेट विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. म्हटलं, "रविवारपर्यंत तूच बोल. आणि नुसतं नापास झालो म्हणू नकोस, परत कसा करणार आहेस तेही सांग." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बघतो दादा."

बोलेल की नाही, माहीत नाही. मलाही चार महिने लागले होते. दुसऱ्या वेळी मला ५२ मिळाले, पण त्या विषयाचा विचार आला की मला अजूनही आधी करंज्यांचा वास आठवतो, मार्क नंतर.

ज्ञानोबा माउली बाराव्या अध्यायात अभ्यासाचं सामर्थ्य सांगताना कुठल्या कुठे जातात: अभ्यासाने कुणी आकाशात चालतात, वाघ-साप वश करतात, समुद्रावर पायवाट काढतात. आपल्याला तूर्त एवढं मागायचं नाहीये. आईने विचारलं, "अभ्यास झाला का?" तर खरं उत्तर देता यावं, एवढं पुरे. "नाही झाला आई, दोन उदाहरणं अडलीत, उद्या परत बसतो."

आजचा संकल्प: आज झोपण्याआधी, आपल्याला येतं असं वाटणारी एक गोष्ट (सूत्र, स्तोत्र, काहीही) न बघता लिहून काढा. मग पुस्तक उघडा. जिथे चुकलं तिथे खूण करा आणि शांत झोपा.

माउली, न येणारं "येत नाही" म्हणायचं बळ दे, आणि उद्या परत तिथेच येऊन बसायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी!