समेचा रकाना

भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'तलं त्रितालातल्या एखाद्या बंदिशीचं पान समोर घ्या आणि ते डावीकडून उजवीकडे न वाचता वरून खाली वाचा. ओळीत सोळा मात्रा, त्यांचे चार विभाग, खाली तालाच्या खुणा: समेला फुली, खालीला शून्य, उरलेल्या टाळ्यांना २ आणि ३. बंदिश खालीपासून उठत असेल तर सम ओळीच्या मधोमध येते. स्थायीच्या पहिल्या ओळीपासून अंतऱ्याच्या शेवटापर्यंत समेच्या त्या एकाच रकान्यातून नजर खाली उतरवली की चार-सहा स्वर हाती लागतात. चांगल्या बंदिशीत ते तिथे आपोआप पडलेले नसतात. यमनमध्ये रचनाकाराने समेवर गंधार ठेवला आहे की पंचम, की तीव्र मध्यमावर सम आणून मुद्दाम एक ताण सोडून दिला आहे; अंतऱ्यात तो तार षड्जावर लगेच पोचला की निषादावर रेंगाळून मग गेला, हे सगळं त्या रकान्यात दिसतं. गाणं चालू असताना हे स्वर एकामागून एक येतात आणि मधल्या पंधरा मात्रांच्या ओघात मागचा निसटतो. कागदावर ते एकाच वेळी समोर असतात.

मग शब्दांकडे वळावं. कुठलं अक्षर समेवर आलं? ते शब्दाचं पहिलं अक्षर आहे की मधलं? ऱ्हस्व अक्षर समेवर ओढून धरलं आहे का? अवग्रहांच्या खुणा कुठे दाट आहेत आणि कुठे मात्रेमात्रेला अक्षर आहे? अशा वाचनात तासभर कसा जातो कळत नाही.

इतकं सगळं त्या पानावर असताना आपल्याकडे ते फार थोडे लोक वाचतात. संगीत विद्यालयांत स्वरलिपी परीक्षेपुरती असते: फळ्यावरून वहीत, वहीतून उत्तरपत्रिकेत. मैफलीच्या जगात तर बंदिश पुस्तकातून घेतली असं सांगणं कमीपणाचं मानतात. एकीकडे ती पाठांतराची सोय ठरली, दुसरीकडे संशयाची वस्तू. मला दोन्ही अमान्य आहे. बंदिश ही कुणीतरी विचार करून केलेली रचना आहे. सदारंग, मनरंग, प्रेमपिया, प्राणपिया ही नावं आपण मुद्रा म्हणून शब्दांत ऐकतो, पण रचनाकार म्हणून त्यांचा अभ्यास करत नाही. कविता पाठ येते म्हणून ती वाचून झाली असं कोणी म्हणत नाही. बंदिशीच्या बाबतीत मात्र आपण तसंच वागतो.

युरोपात रचना शिकण्याची जुनी वाट म्हणजे दुसऱ्याची रचना हाताने उतरवणं. बाखच्या १७५४ साली छापलेल्या मृत्युलेखात त्याच्या लहानपणची गोष्ट आहे. थोरल्या भावाच्या जाळीच्या कपाटातली संगीताची वही त्याने रात्री काढून चांदण्यात उतरवली. त्याला सहा महिने लागले, आणि भावाला कळल्यावर ती नक्कल काढून घेतली गेली. पुढे याच बाखने विवाल्दीचे कंचेर्तो एकट्या कळफलकासाठी नव्याने लिहून काढले. १७८२मध्ये व्हिएन्नात बॅरन फान स्वीटन यांच्या घरच्या रविवारच्या बैठकांत मोझार्टच्या हाती बाखचे फ्यूग आले. बाखला जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. मोझार्टने त्यातले काही तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी मांडले, आणि त्याच्या पुढच्या संगीताची वीण पालटली. दोन पिढ्यांचं अंतर कागदाने ओलांडलं. समोर बसून शिकवणारा गुरू मधे नव्हता.

आपल्या गवयांचा यावरचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटा नाही. दरबारीतला कोमल गंधार, तोडीतला कोमल गंधार आणि काफीतला कोमल गंधार, कागदावर तिघांचीही खूण एकच: 'ग' आणि त्याखाली आडवी रेघ. दरबारीत तो किती खाली आहे, किती सावकाश झुलतो, हे ती रेघ सांगत नाही. मींडेची कमान दोन टोकं दाखवते, मधला प्रवास दाखवत नाही. षड्ज कुठल्या पट्टीतला तेही पानावर नाही, आणि लयीसाठी 'विलंबित', 'मध्य' एवढेच मोघम शब्द. तेव्हा कागदावरून गाणं शिकता येत नाही, हे खरंच. पण त्यावरून कागद निरुपयोगी ठरत नाही. स्वरलिपीत काय सोडून दिलं आहे, हाही अभ्यासाचा विषय आहे.

कोरेल्लीचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. त्याचे व्हायोलिनचे बारा सोनाटा रोममध्ये १७०० साली छापले गेले. त्यांतल्या संथ भागांत पानावर मोजकेच लांब स्वर दिसतात, जवळजवळ सांगाडाच. खालच्या ओळीत मंद्राचे स्वर आणि काही ठिकाणी आकडे. साथीदाराने त्यावरून बाकीचे स्वर स्वतः भरायचे. व्हायोलिनवाला त्या लांब स्वरांमधल्या जागा आपल्या अकलेने सजवणार, हे गृहीतच होतं. दहा वर्षांनी, १७१०मध्ये, ॲमस्टरडॅमच्या एस्तिएन रोजे या प्रकाशकाने पहिल्या सहा सोनाटांची नवी आवृत्ती काढली. तिच्यात सगळी सजावट टिपून दिली होती आणि कोरेल्ली स्वतः असंच वाजवतो, असा दावा होता. ती सजावट खरंच कोरेल्लीची का, असा संशय तेव्हाच घेतला गेला होता. पण ती छापावी लागली, म्हणजे न लिहिलेलं समजणारे लोक कोरेल्लीच्या वर्तुळापलीकडे विरळ होते. घरातल्या माणसाला सांगाडा पुरतो. परक्याला सगळं लिहून द्यावं लागतं.

भातखंड्यांनी हे ओळखलं होतं, असं माझं मत आहे, आणि ते १९०४च्या प्रवासावर आधारलेलं आहे. त्या वर्षी ते दक्षिणेत गेले आणि एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. दीक्षितरांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड तेलुगू ग्रंथ त्याच साली छापला गेला. त्यात स्वरांबरोबर गमकांच्या निरनिराळ्या खुणा आहेत: कंप कुठे, ओढ कुठे, स्वराला स्पर्श करून निघून जाणं कुठे. स्वरलिपी किती बारकाईने लिहिता येते, याची कल्पना भातखंड्यांना नव्हती असं त्यामुळे म्हणवत नाही. इकडे विष्णु दिगंबर पलुसकरांनीही मात्रांच्या अपूर्णांकांपर्यंत जाणारी सूक्ष्म चिन्हं केली होती. तरी भातखंड्यांनी घेतल्या त्या टिंब, रेघ, कमान, अवग्रह अशा मूठभर खुणा, कुठल्याही छापखान्यात निघतील आणि शाळकरी मुलालाही आठवड्याभरात कळतील अशा. गळ्याने शिकवायचं ते गळ्यावर सोपवून त्यांनी रचनेचा सांगाडा तेवढा कागदावर आणला.

सगळं कागदावर आणून त्यालाच प्रमाण मानलं तर काय होतं, ते रवींद्रसंगीतात दिसतं. रवींद्रनाथांच्या गाण्यांच्या स्वरलिप्या 'स्वरबितान'च्या खंडांत आल्या आणि त्या जपण्याचं काम विश्वभारतीकडे गेलं. त्यामुळे हजारो गाणी शाबूत राहिली, ही फार मोठी गोष्ट. पण देबब्रत बिस्वासांसारख्या विलक्षण गायकाचे विश्वभारतीच्या संगीत मंडळाशी मतभेद झाले आणि त्यांनी ध्वनिमुद्रण थांबवलं, हेही त्याच इतिहासात आहे.

रचना घडते कशी, याचा पुरावा मात्र आपल्याकडे फार कमी आहे. बेथोवनच्या कच्च्या वह्या राहिल्या. गुस्टाव्ह नोटेबोमने १८६५ आणि १८८० साली त्यांवर अभ्यास छापले, आणि एकच सुरावट किती वेळा मोडून पुन्हा बांधली गेली ते जगाला दिसलं. आपल्या रचनाकाराचा कच्चा खर्डा त्याच्या गळ्यात असतो आणि पक्की बंदिश झाली की पुसला जातो. म्हणून स्वतःच्या रचना स्वतः लिहून देणाऱ्यांचं मोल मोठं. श्रीकृष्ण रातंजनकरांची 'अभिनव गीतमंजरी', कुमार गंधर्वांचं १९६५चं 'अनूपरागविलास', रामाश्रेय झा 'रामरंग' यांची 'अभिनव गीतांजली' या पुस्तकांत रचनाकार आणि लिहिणारा एकच आहे. कुमारांच्या बंदिशींचा मुखडा कुठल्या मात्रेवरून उठतो एवढं एकच सूत्र धरून 'अनूपरागविलास' वाचावं. समेकडे जायच्या किती निरनिराळ्या वाटा त्यांना सुचत होत्या हे दिसतं, आणि ऐकताना जी फेक केवळ त्यांच्या गळ्याची वाटते तिचा बराचसा भाग रचनेतच बांधलेला आढळतो.

जुन्या बंदिशींच्या बाबतीत खर्डे नाहीत, पण पाठभेद आहेत. एकच चीज ग्वाल्हेरकडे एका वळणाने, आग्र्याकडे दुसऱ्या, जयपूरकडे तिसऱ्या. सम बदललेली, अंतऱ्याची उठावण वेगळी, एखादा शब्द ऐकण्यातून बिघडून दुसराच झालेला. आपण यावर घराण्यांची भांडणं केली. खरं तर ही मोठी सामग्री आहे, आणि ती कशी हाताळायची हे महाराष्ट्राला नव्याने शिकायला नको. एकनाथांनी १५८४मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली: वर स्वीकारलेला पाठ, खाली कुठल्या पोथीत काय आहे त्याच्या टिपा. शे-दोनशे बंदिशींची तशी आवृत्ती कुणीतरी हाती घ्यायला हवी. आपल्याकडे तर पोथ्यांशिवाय आणखी एक साक्षीदार आहे. भारतात १९०२पासून ध्वनिमुद्रणं होत आली. तबकडीवर तीन-चार मिनिटांत गायलेली चीज हा त्या काळचा पक्का पाठ आहे, आणि लिखित स्वराच्या शेजारी तो ठेवला की रेघेने न दाखवलेला गंधारही मोजता येतो.

भातखंड्यांवर आरोप होतो की त्यांनी रागनियमांत बसवण्यासाठी चीजा सारख्या केल्या. तो किती खरा, हे अशा आवृत्तीतच ठरेल. त्याशिवाय दोन्ही बाजू फक्त आपापली श्रद्धा सांगत राहतील. ग्वाल्हेरचे एकनाथ पंडित, जयपूरचे मोहम्मद अली खाँ आणि त्यांचे पुत्र, रामपूरचे वजीर खाँ, अशा कितीजणांकडून त्यांनी विद्या मिळवली. मालिकेच्या पानावर राग आहे, ताल आहे, शब्द आहेत, स्वर आहेत. ती चीज कोणाच्या गळ्यातून उतरवली ते त्या पानावर नाही. नव्या आवृत्तीत प्रत्येक बंदिशीच्या माथ्यावर रागाच्या नावाशेजारी, सापडेल तिथे, ते नाव छापलं जावं, आणि नसेल तिथे जागा कोरी ठेवावी.